शांत चित्ताने ऐकून घ्यावे

एक ऑगस्टला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून एकच गोष्ट सांगितली जाते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली असतात, गुरुजी ती उचलायला सांगतात आणि छोटा बाळ टिळक ठामपणे नकार देतो. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले आणि नेमक्या त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. त्यामुळे पुण्यतिथी आणि जयंती एकाच दिवशी, एकाच टेबलावर दोन तसबिरी मांडून साजरी होते. भाषणे होतात. भाषणे करणाऱ्या मुलांपैकी काही हौसेने आलेली असतात, काहींची नावे हजेरीपटावरून काढलेली असतात. गंमत अशी की, गुरुजींना 'नाही' म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट सांगण्यासाठी जी मुले उभी केली जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतः 'नाही' म्हणण्याची सोय नसते.

बँकेतली नोकरी संपवून मी राजूरला, गावच्या घरी, राहायला आलो. राजूर म्हटले की लोकांना आमचा महागणपती आठवतो आणि अंगारकीला जालन्याहून रात्रभर चालत येणारी माणसे आठवतात. मी साधा गावकरी. पण दोन-चार कादंबऱ्या नावावर आहेत आणि 'बँकेत साहेब होते' ही पदवी निवृत्तीनंतरही सुटत नाही, म्हणून आसपासच्या शाळा मला पाहुणा म्हणून बोलावतात. नारळ, शाल आणि पुढच्या रांगेतली खुर्ची मिळते. त्या खुर्चीवरून मुलांचे चेहरे फार जवळून दिसतात. कागद धरलेला हात कसा थरथरतो, चौथ्या वाक्यावर डोळे कसे छताकडे जातात, बाजूला उभ्या बाई ओठांनी पुढचा शब्द कसा पुरवतात आणि मागच्या रांगेतून खुसखुस कशी सुरू होते, हे सगळे दिसते.

जवळजवळ प्रत्येक भाषणाच्या सुरुवातीला एक वाक्य असते. 'मी जे दोन शब्द सांगणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.' मूल ते एका दमात म्हणून टाकते, कारण ते पाठ असते. बाकीचे भाषण बाबांनी किंवा गुरुजींनी लिहून दिलेले असते. पण मला नेहमी वाटते, त्या अख्ख्या भाषणात मुलाच्या स्वतःच्या मनातले असे काही असेल तर ते हेच वाक्य. ते खरोखर विनवीत असते. आणि आपण, म्हणजे शाळेने, पालकांनी, पाहुण्यांनी, त्या विनंतीची दखल आजवर घेतलेली नाही. बोलणाऱ्याला कसे उभे करायचे याचा आपण पुष्कळ विचार केला. ऐकणाऱ्यांना कसे बसवायचे याचा केलाच नाही. मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे.

समारंभांची भाषणे वर्षातून चार-पाच वेळा होतात. वर्गातला प्रसंग मात्र रोजचा. कविता म्हणून दाखव, सतराचा पाढा म्हण, धडा मोठ्याने वाच, फळ्यावर येऊन गणित सोडव. ही आपल्या शाळेची फार जुनी पद्धत आहे आणि ती कालबाह्यही झालेली नाही. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात तोंडी काम हे मूल्यमापनाचे एक रीतसर साधन आहे. दहावीला तर भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण निकालात धरले जातात. २०१९ च्या दहावीत अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले होते. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी तक्रार होती. त्या वर्षी राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्याच वर्षापासून वीस गुण परत आले. त्या वेळी चर्चा खूप झाली, पण ती टक्क्यांची झाली. मुले खरेच बोलतात का, आणि बोलली तर कुणी ऐकते का, हा प्रश्न त्यात कुठे आला नाही. थोडक्यात, खालच्या वर्गांत आपण मुलाला बळेच उभे करतो आणि वरच्या वर्गात ते बोलले नाही तरी गुण देऊन मोकळे होतो. दोन्हींत ऐकणे नाहीच.

आता, बळेच उभे करण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. शिक्षक म्हणतात, 'साहेब, आज नाही उभा केला तर हा जन्मभर बसूनच राहील.' त्यांचे म्हणणे खोटे नाही. चारचौघांत तोंड उघडता न येण्याची किंमत काय असते ते मी बँकेच्या टेबलामागून अनेक वर्षे पाहिले आहे. पीककर्जासाठी आलेला माणूस दोनदा दारापर्यंत येऊन परत जायचा. तिसऱ्या वेळी बरोबर एक बोलका गडी घेऊन यायचा. बोलायचे सगळे त्या गड्याने, मान हलवायची याने. कर्ज मंजूर झाले की त्या बोलण्याचा मोबदला बाहेर चहाच्या टपरीवर चुकता व्हायचा. अर्जावर सही करता येणारी, सातवी-आठवी झालेली माणसे ही. शाळेत त्यांच्याकडून कविता पाठ करून घेतलेल्या होत्या. 'साहेब, माझ्या अर्जाचे काय झाले?' एवढे एक वाक्य विचारण्याची हिंमत मात्र त्यांतून आलेली नव्हती.

ग्रामसभेतही हेच चित्र. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, महिलांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. कित्येक बायांनी उत्तम कारभार करून दाखवला. पण खुर्चीवर बाई आणि उत्तरे देणार तिचे यजमान, हेही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा लाजऱ्या मुलाला त्याच्या कोपऱ्यात सुखाने राहू द्या, असे मी म्हणणार नाही. बोलता येणे ही चैन नाही. गरिबाला तर ती अधिक लागते, कारण त्याच्या वतीने बोलणारा दुसरा कुणी फुकट मिळत नाही.

प्रश्न एवढाच की, बळेच उभे केल्याने बोलता येते का? 'आम्हीही असेच थरथरत उभे राहिलो आणि बघा, आज सभा गाजवतो,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरेच सांगतात. पण हे सांगायला व्यासपीठावर कोण आलेला असतो? जो तरला तो. जो त्या दिवशी मटकन खाली बसला आणि पुन्हा कधी उठला नाही, तो आपला अनुभव सांगायला माईकपाशी येणार कसा? बँकेत आम्हाला एक साधा नियम होता. शाखेची प्रकृती फेडलेल्या कर्जांवरून ठरवायची नाही, थकलेल्या खात्यांची यादी मागवायची. शाळेने ही दुसरी यादी कधी ठेवलेली नाही.

त्या यादीतले एक खाते मला ठाऊक आहे. माझ्याबरोबर सातवीपर्यंत एक मुलगा होता. बकऱ्या वळताना, विहिरीच्या काठावर बसून तो पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणायचा. गळा गोड होता. वर्गात दर शनिवारी कविता म्हणायची पाळी यायची आणि पाळीला हा उभा राहिला की त्याचे ओठ मिटायचे. गुरुजी काही दुष्ट नव्हते. 'म्हणेपर्यंत खाली बसायचे नाही' एवढेच त्यांचे म्हणणे असे. तो तास संपेपर्यंत उभा राहायचा. हसून हसून वर्ग दमायचा, मग हसणेही थांबायचे, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसायचे. ते १९७२ साल होते. दुष्काळ पडला, गावातली अर्धी माणसे खडी फोडायला गेली, तोही आई-बापाबरोबर गेला आणि शाळेत परत आला नाही. त्याची शाळा कवितेने सुटली असे मी म्हणणार नाही, दुष्काळाने सुटली. पण दुष्काळ ओसरल्यावर त्याच खडीवरून परत आलेली दुसरी काही मुले पुन्हा वर्गात बसली, हा बसला नाही. घरच्यांनी विचारले तेव्हा म्हणाला, 'बकऱ्या बऱ्या.'

ज्यांचे शब्द पुढे साऱ्या देशाने ऐकले, अशा एका माणसाचीही अशीच फजिती झाली होती. गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. तिथल्या स्मॉल कॉज कोर्टात त्यांना पहिला खटला मिळाला. फी तीस रुपये. उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि डोके गरगरू लागले, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि कोर्टातून निघून गेले. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. लंडनमध्येही शाकाहारी मंडळींच्या सभांत त्यांना बोलता येत नसे. हा माणूस बोलता झाला तो दक्षिण आफ्रिकेत. १८९३ साली प्रिटोरियातल्या हिंदी लोकांची सभा त्यांनी स्वतः भरवली आणि व्यापारातल्या सचोटीवर भाषण केले. समोर आपली माणसे होती, विषय जिव्हाळ्याचा होता, सांगण्यासारखे काही होते. माणूस तोच, जीभही तीच, ऐकणारे आणि कारण तेवढे बदलले. त्या बुजरेपणाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकवली, असे ते पुढे म्हणत. सगळ्या मुलांनी फर्डे वक्ते व्हायची गरज नाही, हेही यातून कळावे.

ऐकणाऱ्यांचा चेहरा किती महत्त्वाचा, हे शास्त्रानेही तपासले आहे. जर्मनीत ट्रियर नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांना माणसावर ताण आला की शरीरात काय होते ते मोजायचे होते. त्यासाठी प्रयोगशाळेत हुकमी ताण निर्माण करणे आले. १९९३ साली त्यांनी जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते. ती पद्धत अशी: माणसाला तयारीसाठी थोडा वेळ द्यायचा, मग काही अनोळखी परीक्षकांसमोर एकट्याला उभे करून पाच मिनिटे बोलायला लावायचे आणि लगेच पाच मिनिटे तोंडी गणित करायला लावायचे. १०२२ मधून १३ वजा करत जा. चुकलास की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी हसायचे नाही, मान डोलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. एवढ्याने धट्ट्याकट्ट्या तरुणांची छाती धडधडते आणि कॉर्टिसॉल नावाचे ताणाचे संप्रेरक झपाट्याने वाढते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले आणि मग आले नाही. कारण ही प्रयोगशाळा आपण गावोगावी चालवतोच. एकटा उभा, समोर कोरे चेहरे, हातात खडू, तोंडी गणित. फरक इतकाच की तिथे माणसाची आधी संमती घेतात आणि मधेच थांबायची त्याला मुभा असते.

याच गोष्टीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच संशोधकांनी या पद्धतीचे एक सौम्य रूप तपासले. इथेही माणूस एकटाच बोलतो, पण परीक्षक प्रेमळ असतात, मान डोलवतात, आपुलकीने ऐकतात आणि विषय त्याच्या स्वतःच्या आयुष्यातला असतो. या वेळी ते संप्रेरक तसे वाढले नाही. म्हणजे एकट्याने उभे राहणे हे मुळात विष नव्हे. ते विषारी होते समोरच्या नजरांनी.

आणि वर्गातल्या नजरा कोऱ्यासुद्धा नसतात. त्या गावातूनच आलेल्या असतात. भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर येऊन गणित सोडवायला सांगितले. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेला हा प्रसंग आहे. शिक्षकांनी एका हुशार मुलाचे नाव घेतले होते, बाकी काही नाही. पण वर्गात गलका उडाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. याच्या सावलीने ते बाटतील म्हणून मुले धावली आणि हा फळ्यापर्यंत पोचायच्या आत त्यांनी डबे बाजूला फेकले. बाकीच्या मुलांसाठी फळ्यापर्यंतची वाट दहा पावलांची होती. या मुलासाठी ती किती लांबची होती, याचा अंदाज आपण करावा.

आज डबे कुणी असे फेकत नाही. पण आमच्या भागात एखाद्या मुलाने 'होता'चे 'व्हता' म्हटले की वर्ग हसतो, आणि कधी कधी गुरुजीही हसतात. तांड्यावरून आलेल्या मुलीची घरची भाषा गोरमाटी असते, कुणाच्या घरी उर्दू असते. त्यांनी छापील मराठीत चार वाक्ये म्हणायची म्हणजे उधारीचे जोडे घालून पळायचे. कुणी अडखळत बोलणारे असते. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण तोतरे बोलतो. लहानपणी तर याहून जास्त. त्याला 'हळू बोल, घाबरू नकोस' असे सगळ्यांदेखत सांगणे म्हणजे त्याच्या अडखळण्याकडे वर्गाचे बोट दाखवणेच. 'पुढे ये आणि म्हण' ही आज्ञा सगळ्यांना सारखीच दिली जाते, म्हणून ती न्याय्य वाटते. पण सगळ्यांच्या वाटेत सारखेच खड्डे नसतात.

हे शाळेतच होते असे समजून पालकांनी सुटका करून घेऊ नये. आपल्या बैठकीच्या खोल्या काय कमी आहेत? पाहुणे आले, पोह्यांच्या बश्या आल्या की पाठोपाठ हाक येते, 'सोनू, काकांना ती पोएम म्हणून दाखव.' सोनू पडद्यामागे. मग आई ओढते, बाबा डोळे वटारतात, 'घरी तर दिवसभर बडबड करतो' अशी तक्रार होते आणि काका पोह्यांतला शेंगदाणा शोधत वाट पाहतात. खरे सांगायचे तर काकांना कवितेत काडीचा रस नसतो. अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. पूर्वी विसरलेली कविता घटकाभरात हवेत विरून जायची. आता समोर फोन उभा असतो. अडखळणे, रडवेले तोंड, सगळे चित्रित होते आणि कौतुकाने का होईना, वर्गाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन बसते. मुलाची एक फजिती पुन्हा पुन्हा पाहता येईल अशी सोय आपण करून ठेवली आहे.

मग काय करावे? याचे उत्तर शोधायला जर्मनीला जायला नको. आमच्याकडे गावोगावी सप्ताह बसतात. संध्याकाळी हरिपाठ असतो. त्यात लहान पोरे टाळ घेऊन मोठ्यांच्या रांगेत उभी राहतात. कित्येकांना अभंग पाठ नसतात. ती नुसते ओठ हलवतात, पावली चुकवतात, शेजाऱ्याकडे पाहून सुधारतात. त्यांना कुणी पुढे ओढत नाही. वर्ष-दोन वर्षे अशी रांगेत जातात. मग एखाद्या दिवशी बुवा खूण करतात आणि पोरगे एक चरण एकट्याने म्हणते. अडले तर मागची रांग तो चरण उचलते, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की पोरगे अडले होते. कीर्तनकार मोठा नावाजलेला असला तरी त्याच्यामागे टाळकरी असतात. तो दम घ्यायला थांबला की अभंग तेच पुढे नेतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात. आपल्या परंपरेत एकटा उभा राहणारा माणूस कधी एकटा नसतो. त्याच्यासमोर जमलेले लोकही नुसते पाहत बसत नाहीत, ते टाळी धरतात, नामाचा गजर करतात. ऐकणे हे तिथे एक काम आहे आणि ते सगळ्यांना करावे लागते.

तो बकऱ्यांमागे गेलेला माझा वर्गमित्र आता माझ्यासारखाच साठी ओलांडलेला आहे. सप्ताहात तो टाळकऱ्यांच्या रांगेत असतो. चाल तोच म्हणतो आणि ऐकणारे थांबून ऐकतात. ग्रामसभेत मात्र त्याने आजवर तोंड उघडलेले नाही. त्याच्या शेतरस्त्याचा प्रश्न कित्येक वर्षे तसाच पडून आहे.

शाळेला मृदंग आणायची गरज नाही. रांग तेवढी आणता येईल. लाजऱ्या मुलाने आधी बाकावरच्या जोडीदाराला सांगावे, मग चौघांच्या गटात, मग जागेवर उभे राहून, आणि स्वतःला वाटेल तेव्हा पुढे येऊन. पहिल्यांदा कविता दोघांनी मिळून म्हणावी. बोलायला लावायचेच तर टिळकांवरच्या पाठ भाषणाने सुरुवात कशाला? 'आमच्या शेळीला परवा पिल्ले झाली' हा विषय काय वाईट आहे? तो त्याच्या बोलीत येऊ द्यावा आणि मधे शुद्धलेखनाची काठी आपटू नये. शुद्ध काय ते नंतर, वेगळ्या तासाला शिकवता येते. 'आज नको' म्हणायची मुभा असावी, मात्र तिच्याबरोबर 'मग कधी?' हा प्रश्नही असावा, म्हणजे मुभेची पळवाट होणार नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. छडी बऱ्याच अंशी गेली. तासभर उभे करून हसे करणे हे त्या कलमाच्या दुसऱ्या शब्दात बसते की नाही, याचा विचार शिक्षकांनी स्वतःशीच करावा.

पण या सगळ्याहून महत्त्वाचे काम बसलेल्या एकोणचाळीस मुलांचे आहे. एक मूल बोलत असताना बाकीच्यांनी काय करायचे, हे आपल्या शाळेत कुणीच कधी सांगत नाही. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणजे ऐकणे नव्हे. ती नुसती शांतता आहे आणि खुसखुस तिच्या आडूनच चालते. बोलून झाल्यावर दोन मुलांना विचारा, 'तो काय म्हणाला? तुम्हाला त्यातले काय नवीन कळले?' बोलणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा, ही वर्गाची रीत करा. तोंडी कामाचे गुण बोलणाऱ्याला देता, तसे चार गुण नीट ऐकणाऱ्याला द्या. मुले हुशार असतात, गुण कुठे आहेत ते पाहून लगेच तिकडे वळतात. महिनाभरात वर्गाची नजर बदलेल. आणि ती बदलली की शेवटच्या बाकावरचे पोर आपसूक हात वर करील. कदाचित करणारही नाही. काही माणसे स्वभावानेच कमी बोलतात आणि त्यात उपचार करण्यासारखे काही नसते. पण निदान ते वर्गाला भिऊन गप्प राहिलेले नसेल.

एका वर्गात चाळीस मुले असतात असे धरले, तर एका मुलाच्या वाट्याला बोलणे एकदा येते आणि ऐकणे एकोणचाळीस वेळा. आपण सारा जोर त्या एकावर दिला. पुढे हीच मुले बँकेच्या टेबलामागे बसतात, तहसील कचेरीत बसतात, दवाखान्यात बसतात, ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसतात. समोरचा माणूस अडखळला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. समोरच्याला दोन मिनिटे द्यावीत, त्याचे अडलेले वाक्य पुरे होऊ द्यावे, हे त्यांना कुठेच शिकवलेले नसते. माझ्या टेबलासमोरून परत गेलेला तो शेतकरी एकटा मुका नव्हता. त्याला ऐकण्याची सवय नसलेले दालन त्याच्यासमोर होते.

आज रविवार आहे, मुले घरी आहेत. उद्या शाळेतून आल्यावर 'आज तू वर्गात बोललास का?' असे विचारण्याआधी एक वेगळा प्रश्न विचारून पाहा. 'आज वर्गात कोण बोलले, आणि ते काय म्हणाले?' पहिले काही दिवस उत्तर येणार नाही. तरी विचारत राहा. आणि मूल सांगू लागले की हातातला फोन खाली ठेवा.